आरती पाच वाजल्यानंतर

अर्जातला रिकामा रकाना पाहिला की रमाकांतांचा जीव कासावीस होत असे. शिक्षण खात्यात बत्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस; दुसऱ्यांच्या अर्जांतले रिकामे रकाने हुडकून ते अर्ज परत पाठवण्यात हयात गेली. देवळात देणगीची पावती हातात पडली तरी आधी तीवर तारीख आहे का ते बघत, मग देवाकडे बघत. अशा माणसानं दारूच्या परवान्याचा अर्ज भरायला घ्यावा आणि त्या अर्जाला चौदा नंबरचा रकाना असावा, यातच पुढचं सगळं आलं. बाकी उरले ते तपशील. पण तपशिलांवाचून कुणाची दुर्दशा नीट समजत नाही, म्हणून सांगायचे.

दारूचा परवाना, आणि तो रमाकांतांच्या नावे! ज्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून आत येतं, त्या घरच्या कर्त्यावर ही पाळी आली ती लेकीच्या साखरपुड्यामुळे. प्रांजलीनं संग्रामसिंहाला पसंत केलं. मुलगा चांगला, घर चांगलं, ग्वाल्हेरातच कंपूकडे स्वतःचं. मुलाचे वडील संभाजीराव फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. पिढ्यान्‌पिढ्या तलवारीचं घराणं. बोलणी झाली, चहा झाला, आणि मग संभाजीराव मिशीवरून हात फिरवत, जरा लाजतच म्हणाले, "रमाकांतराव, देणंघेणं आपल्याला काही नको. मानपान नको. एकच विनंती आहे. माझे पलटणीतले साठेक दोस्त येतील. त्यांना कोरडं परत पाठवणं आमच्यात बरं दिसत नाही. माल आम्ही आणू. फक्त कागद तुमच्या नावाचा लागेल, कारण मॅरेज गार्डन तुमच्या नावावर बुक होणार ना."

रमाकांतांनी कप बशीत ठेवला. पण समोर लेक उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत 'बाबा, प्लीज' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिलेलं वाचायची तर त्यांना सवयच.

"माझीही एक विनंती आहे," ते म्हणाले. "आमच्या घरात कीर्तनाशिवाय शुभकार्य झालेलं नाही. आधी कीर्तन. मग तुमचं ते."

"ऑर्डर मान्य," संभाजीराव म्हणाले.

आता हे कीर्तन म्हणजे रमाकांतांच्या जिवाचा विसावा. ग्वाल्हेरात कुठल्याही देवळात नारदीय कीर्तन असलं की पहिल्या रांगेत, पेटीवाल्याच्या उजव्या हाताला, मांडी घालून हा माणूस बसलेला असायचाच. पूर्वरंगात मान डोलवायची, मध्ये बुक्का लावून घ्यायचा, उत्तररंगात उपरण्याच्या टोकानं डोळे पुसायचे आणि आरती झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. त्यातून अभिरामबुवांचं कीर्तन असलं तर ताप अंगावर काढून जायचे. प्रांजली चौथीत असताना त्यांनी बुवांना शब्द घालून ठेवला होता, "हिच्या साखरपुड्याला आपणच उभं राहायचं." बुवा आता पंचाहत्तरीला आले होते. गेल्या महिन्यात म्हणाले, "रमाकांत, गुडघे ऐकत नाहीत. तुझ्या लेकीचं एवढं करतो आणि चिपळ्या खाली ठेवतो." म्हणजे हे बुवांचं शेवटचं कीर्तन. ते पहिल्या रांगेत बसून ऐकायचं, याखेरीज रमाकांतांना या साखरपुड्यातून स्वतःसाठी काहीएक नको होतं.

लग्नसराईमुळे गार्डन संध्याकाळचं मिळालं नाही. दिवसाचं मिळालं, अकरा ते सहा. बारा ते दोन कीर्तन, मग जेवण, आणि ज्यांना ते हवं त्यांना ते. बेत इतका सरळ होता की पद्मालाच, म्हणजे त्यांच्या पत्नीला, शंका आली. "अहो, इतकं सरळ आपल्याकडे कधी काही झालंय का?"

अर्ज घरी आला. तेरा रकाने रमाकांतांनी मोत्यासारख्या अक्षरात भरले. चौदावा होता, 'कार्यक्रमातील मनोरंजनाचा प्रकार'.

शेजारचे विश्वासराव नेमके तेव्हा वर्तमानपत्र परत करायला आले. यांचं दाल बाजारात घाऊक डाळींचं दुकान. त्यामुळे सरकारी कागदांबद्दल आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज, आणि दुर्दैव असं की तो खरा होता. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "इथं 'निरंक' लिहा. सगळी दुनिया निरंक लिहिते."

"पण कीर्तन आहे ना!"

"असू द्या की. कार्यक्रमात आहे, कागदावर नाही. झालं."

"म्हणजे देवाचं नाव चोरून घ्यायचं?"

"चोरून नाही हो, मनातल्या मनात घ्यायचं!"

पण निरंक म्हणजे रिकामाच रकाना, फक्त शाईनं भरलेला. रमाकांतांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नारदीय कीर्तन, पूर्वरंग व उत्तररंगासह. अखेरीस आरती व प्रसाद.' लिहून झाल्यावर त्यांना फार प्रसन्न वाटलं. यापुढे कित्येक दिवस त्यांना काहीही प्रसन्न वाटायचं नव्हतं, तेव्हा एवढं वाटून घेतलं ते एका अर्थी बरंच झालं.

परवान्याचं दफ्तर एका जुन्या इमारतीत होतं. दारू वरच्या मजल्यावर आणि मनोरंजन खालच्या, मधे बेचाळीस पायऱ्या. वर गरिमा मॅडम बसत. वयानं प्रांजलीएवढीच असेल, बोलायला गोड, आणि नियमाला दगडासारखी.

"अंकल जी, ये तो धार्मिक हो गया. धार्मिक आयोजन में शराब की अनुमति नहीं होती."

"मग... दारू काढून टाका," रमाकांत नकळत म्हणून गेले. क्षणभर त्यांना बेचाळीस पायऱ्या गरुडावर बसून उतरल्यासारखं वाटलं. मग साठ फौजी आणि एक लेक डोळ्यांसमोर आली. "नाही, नाही. दोन्ही हवंय."

"तो नीचे से लिखवा लाइए कि ये मनोरंजन है."

खाली एक कृश बाबू होते. त्यांनी यादी काढली. यादीत कव्वाली होती, जादू होती, कठपुतली होती, मिमिक्री होती, 'जानवरों के करतब' खोडलेले होते. कीर्तन नव्हतं.

"कीर्तन हमारे यहाँ नहीं आता. ऊपर जाइए."

वर गेले. वरून खाली आले. नऊ दिवस हे चाललं. बुवांचे गुडघे शेवटच्या कीर्तनासाठी राखलेले होते. रमाकांतांचे त्या पायऱ्यांवरच संपत आले. घरी रोज सल्ले तयार असत. विश्वासराव म्हणत, 'व्याख्यान' लिहा. पद्मा म्हणे, मारुतीला नारळ बोला. प्रांजली म्हणे, "बाबा, टेन्शन मत लो ना, 'लाइव्ह म्युझिक' लिख दो, सब वही लिखते हैं." अभिरामबुवांना लाइव्ह म्युझिक! रमाकांत त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री थोडे पोहे खाल्ले, पण ते रागानं.

दहाव्या दिवशी खालचे बाबू कंटाळून म्हणाले, "बाबूजी, आखिर इसमें होता क्या है?"

हा प्रश्न रमाकांतांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ज्यांना ठाऊक ते विचारत नाहीत, ज्यांना ठाऊक नाही तेही विचारत नाहीत. ते उभे राहिले. उपरणं कमरेला बांधलं. टेबलावरचे दोन स्टेपलर उचलून चिपळ्यांसारखे बोटांत धरले, आणि बुवा नमन कसं करतात, निरूपणात एक पाय पुढे टाकून कसे थांबतात, आख्यानात राजा झाले की मान कशी ताठ करतात आणि लगेच भिकारी झाले की खांदे कसे पाडतात, हे सगळं करून दाखवलं. गळा काही फार चांगला नव्हता, पण भाव खरा होता. शेजारच्या खोलीतले बाबू दारात आले. पट्टेवाला चहा घेऊन तसाच उभा राहिला. भिकाऱ्याच्या प्रसंगाला एक टायपिस्टबाई पदर डोळ्यांना लावून हसत होत्या की रडत होत्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

रमाकांत थांबले तेव्हा टाळ्या पडल्या.

"अरे साहब!" बाबू खुलून म्हणाले. "ये तो मनोरंजन ही है! शुद्ध मनोरंजन! बस, एक शपथपत्र दे दीजिए कि धार्मिक नहीं है."

माणसाला स्वतःच्या भक्तीनंच खड्ड्यात घालावं, असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

शपथपत्राचा मसुदा बाबूंनीच सांगितला. 'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि उक्त कीर्तन कोई धार्मिक कार्यक्रम न होकर विशुद्ध मनोरंजन है.' रमाकांतांनी पेन उचलला. तीन वेळा ठेवला. चौथ्या वेळी मनात म्हणाले, देवा, पोरीच्या सुखासाठी करतोय, हे तू समजून घे. आणि समजून घ्यायचं नसेल तर ही सही माझी नाही असं समज. मग खाली तारीख आणि पूर्ण नाव घालून ती त्यांचीच सही असल्याचं त्यांनी स्वतःच पक्कं केलं. सवय!

परवाना मिळाला. त्याच्या मागे बारीक अक्षरात अटी होत्या. दुसरा कुणी असता तर वाचल्या नसत्या, आणि रमाकांतांनी तरी वाचून काय मिळवलं? पहिली अट, शपथपत्राची प्रत प्रवेशद्वारावर लावावी. दुसरी, मद्याचा काउंटर मंचापासून ऐंशी पावलं दूर असावा. तिसरी, परवान्याच्या वेळेत, म्हणजे बारा ते पाच, आवारात पूजा, आरती किंवा प्रसाद होऊ नये. आणि चौथी, परवानाधारकानं पूर्ण वेळ स्वतः काउंटरपाशी हजर राहावं.

चौथी अट त्यांनी सात वेळा वाचली. सातही वेळा तिचा अर्थ तोच निघाला. तिसऱ्या अटीकडे त्या दुःखात त्यांचं लक्षच गेलं नाही.

"मी उभा राहतो तुमच्याऐवजी," विश्वासराव मोठ्या मनानं म्हणाले. पण परवान्यावर फोटो होता, आणि विश्वासरावांना टक्कल होतं.

साखरपुड्याच्या दिवशी ऊन कोवळं होतं, झेंडूच्या माळा होत्या, अंगठ्या घालून झाल्या. बारा वाजता बुवा आले. फाटकापाशी थांबले, खिशातून चष्मा काढला आणि शपथपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रमाकांत बाजूला उभे होते. जमीन दुभंगायची वाट बघत होते.

"रमाकांत," बुवा शांतपणे म्हणाले, "पन्नास वर्षं मी काय करतोय ते मला आज कळलं बघ."

"बुवा, त्याचं असं झालं—"

"नको. उशीर होतोय. मनोरंजन सुरू करू या."

एवढं बोलून ते आत गेले. रमाकांत उलट्या दिशेला निघाले. ऐंशी पावलं, स्वयंपाकाच्या तंबूमागे, एका पांढऱ्या टेबलापाशी. तिथे खोक्यांतून बाटल्या मांडलेल्या आणि पलीकडे मुरैन्याकडचा एक धिप्पाड, मिशाळ काउंटरवाला ग्लास पुसत उभा.

लांबून झांज वाजली. शब्द येतच नव्हते. शेजारच्या गार्डनमध्ये डीजेची चाचणी चालली होती, तंबूत पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि या सगळ्यातून मधूनच बुवांच्या आवाजाचं एखादं टोक येई नि जाई. पूर्वरंग आहे की मधलं भजन, तेही कळेना. रमाकांत अंदाजानं मान डोलवू लागले.

"बाबूजी, एक बना दूँ? टेंशन कम होगी."

"नको, बाबा."

"मेरा मतलब शरबत से था."

"तेही नको."

दोन वाजले. बुवांनी आख्यान आटोपतं घेतलं. पद्मानं निरांजनं पेटवायला काडी ओढली, आणि तपासणीसाठी येऊन मागच्या खुर्चीवर बसलेल्या गरिमा मॅडम उठल्या.

"आंटी जी, पाँच बजे तक आरती नहीं कर सकते. शर्त नंबर तीन."

पद्माच्या बोटांत काडी जळत राहिली. मागच्या रांगेतले दोन फौजी तंबूच्या दिशेनं बघत अर्धवट उठले.

"बैठ जाओ!" संभाजीराव गरजले. आयुष्यात हे त्यांचं पहिलंच कीर्तन होतं. "माझी आई सांगायची, कीर्तनातून आरतीशिवाय उठायचं नाही. कोणीही नाही. कोई नहीं उठेगा!"

साठ फौजी एका हालचालीत खाली बसले. ते बसले म्हणून वऱ्हाडी बसले. आचारी तंबूतून डोकावले, त्यांनाही कुणीतरी बसवलं. बुवांनी घड्याळाकडे पाहिलं. आरतीला तीन तास होते. त्यांनी एकदा गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा मांडवापलीकडे तंबूच्या कडेशी दिसणाऱ्या रमाकांतांच्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं, उपरणं कमरेला पुन्हा घट्ट बांधलं आणि पेटीवाल्याला म्हणाले, "सूर धर. नवीन आख्यान लावतो."

हे सगळं रमाकांतांना विश्वासरावांनी धावत येऊन सांगितलं आणि ते तसेच धावत परत गेले, कारण आख्यान रंगलं होतं. अन्न गार होत होतं. बाटल्या गार केलेल्या होत्या, त्या गरम होत होत्या. साडेतीनला काउंटरवालाही म्हणाला, "बाबूजी, मैं ज़रा सुन के आता हूँ," आणि गेला तो आलाच नाही. आता ऐंशी पावलांच्या या टोकाला शंभरेक बाटल्या आणि एक हरिभक्त, एवढेच उरले. देवानं शिक्षा द्यायची म्हटल्यावर किती मोजून द्यावी!

लांबून एकदा हशा आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि त्या काही न येण्यावरून रमाकांतांनी ओळखलं की सगळे डोळे पुसताहेत. त्यांनीही उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. कशासाठी ते ठाऊक नव्हतं.

पाचला एक मिनिट असताना गरिमा मॅडम तांबारलेल्या डोळ्यांनी वही घेऊन हजर झाल्या. एकही सील तुटलेलं नव्हतं. "अंकल जी, ऐसा लाइसेंस मैंने पहली बार देखा," त्या म्हणाल्या आणि खोकी बंद करवून सह्या घेऊ लागल्या. खोकी सात, प्रत्येकावर दोन सह्या. तिसऱ्या खोक्यावर असताना मांडवात आरती सुरू झाली. सातव्यावर असताना संपली.

रमाकांतांनी पेनाला टोपण लावलं. पुढं बुवांना घेऊन गाडी निघाल्याचा आवाज आला. गुडघ्यांना आता एक क्षण उभं राहवत नव्हतं म्हणे. सगळं संपलं होतं.

तेवढ्यात तंबूला वळसा घालून संभाजीराव येताना दिसले. हातात आरतीचं तबक, दुसरा तळवा ज्योतीच्या आड. चाल कवायतीची, पण ज्योत विझू नये म्हणून हळू. रमाकांतांना वाटलं, आला. कोरड्या गेलेल्या साठ दोस्तांचा हिशेब आता होणार.

"घ्या," संभाजीराव म्हणाले.

रमाकांतांनी खोक्यांवरून हात पुढे करून आरती घेतली. मग न राहवून, अगदी हळू आवाजात विचारलं, "कोणतं आख्यान लावलं होतं बुवांनी?"

संभाजीरावांनी तबक खोक्यावर ठेवलं. घसा खाकरला.

"एक पहारेकरी होता. किल्ल्याच्या दरवाज्यावर ड्यूटी. आत देवळात उत्सव. सगळा गाव आत, हा एकटा बाहेर. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. पण हुकूम आहे, जागा सोडायची नाही. समजलं?"

"समजलं."

"आत आरतीची वेळ झाली, आणि मूर्ती जागेवर नाही! पुजारी धावला, राजा धावला. शोधतात तर देव दरवाज्यावर, त्याच्या शेजारी, हातात भाला धरून उभा. म्हणतो, जा, तू दर्शन करून ये, तोवर मी उभा राहतो."

"आणि तो?"

संभाजीरावांची मिशी थरथरली. "तो म्हणाला, देवा, आता आत जाऊन कुणाला बघू?"

कीर्तन संपलं की कीर्तनकाराच्या पाया पडायचं, तो वयानं लहान की मोठा, कोणत्या जातीचा, कोणत्या घरचा, हे बघायचं नाही. पन्नास वर्षांची सवय. रमाकांत वाकले आणि त्यांनी संभाजीरावांच्या बुटांवर डोकं टेकवलं. संभाजीरावांना काय करावं कळेना. त्यांनी सलाम ठोकला.

आणि फोटोग्राफर, जो सकाळपासून मुलीच्या बापाला शोधत होता, त्यानं नेमका तेव्हा फोटो काढला.

फोटो दुसऱ्या दिवशी घराघरांत मोबाइलवर पोचला. दारूची सात खोकी, शेजारी ताठ उभा मुलाचा बाप आणि त्याच्या पायांवर मुलीचा बाप. गोरखीपासून कंपूपर्यंत त्याचा एकच अर्थ लागला. "इतकं काय कमी पडलं हो दारूला?" असं विचारायला तीन जण घरी येऊन गेले. विश्वासराव प्रत्येकाला खरी हकिगत सांगत, आणि ती ऐकल्यावर लोकांना पहिलाच अर्थ जास्त पटे.

साखरपुड्याच्या सबंध अल्बममध्ये रमाकांतांचा हा एवढाच फोटो आहे. खोक्यांवर ब्रँडची नावं दिसतात म्हणून पद्मा तो देवघरात लावू देत नाही. आणि कडेला तबकातली ज्योत दिसते म्हणून रमाकांत तो फेकू देत नाहीत. सध्या तो कपाटात, शपथपत्राच्या झेरॉक्सखाली आहे.

ठेवताना त्यांनी सवयीनं मागच्या बाजूला पेननं रकाने आखले. दिनांक, लिहिला. स्थळ, लिहिलं. उपस्थित, लिहिले. चौथ्याला नाव दिलं, 'कार्यक्रमाचा प्रकार'. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले. पद्मानं दोनदा जेवायला हाक मारली.

तो रकाना अजून रिकामा आहे.